मदत करावी, पण मान राखून

कुठं पूर आला, दंगल झाली, दूरच्या देशात लढाई पेटली, की आपण काय करतो? कपाट उघडतो. वरच्या फळीवरच्या विटक्या साड्या, मुलांना आखूड झालेले शर्ट, एखादी उसवलेली गोधडी बाहेर काढतो, गाठोडं बांधतो आणि महिला मंडळात नेऊन देतो. यात वाईट काही नाही. उघड्यावर पडलेल्या बाईला अंगावर कापड लागतं आणि पोटाला अन्नही लागतं. पण गाठोडं पोचल्यावर पुढं काय होतं, याचा विचार आपल्या मनात फारसा येत नाही. साडी नेसून झाली, दोन दिवसांचा शिधा संपला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती बाई उठली. आता तिनं काय करायचं?

आज जिच्याबद्दल तुम्हाला सांगणार आहे, तिनं या तिसऱ्या दिवसाचा विचार केला. तिचं नाव झैनब साल्बी. युद्धात होरपळलेल्या लाखो बायकांना पुन्हा उभं करण्याचं काम तिनं उभारलं. पण तिच्या कामाचा व्याप सांगावा एवढ्यासाठीच मी हे लिहीत नाही. मदत कशी द्यावी याची तिला जी जाण होती, ती आपल्या घरात, आपल्या आळीतसुद्धा उपयोगी पडणारी आहे, म्हणून लिहिते आहे.

झैनबचा जन्म 1969 सालचा, बगदाद शहरातला. घर शिकलेलं, सुखवस्तू. आई शाळेत जीवशास्त्र शिकवायची, वडील विमान चालवायचे. झैनब अकराएक वर्षांची असताना, 1980 मध्ये इराक आणि इराणचं युद्ध सुरू झालं आणि ते आठ वर्षं चाललं. ज्या वयात आपल्या मुली सागरगोटे खेळतात, शाळेच्या गॅदरिंगसाठी नाच बसवतात, त्या वयात ही मुलगी रात्री-अपरात्री स्फोटाच्या आवाजानं दचकून जागी व्हायची. अशाच एका रात्री क्षेपणास्त्र जवळ येऊन पडलं. आपलं घर वाचलं म्हणून तिला हायसं वाटलं. मग कळलं, की धाकट्या भावाच्या वर्गातला एक मुलगा आणि त्याचे वडील त्यात गेले. आई तेवढी वाचली. आठवड्याभरानं ती आई शाळेत आली आणि वर्गातल्या सात-सात वर्षांच्या पोरांना हात जोडून विचारू लागली, ‘‘बाळांनो, तुमच्यापैकी कुणाकडे माझ्या मुलाचा फोटो आहे का रे?’’ घरासकट सगळं जळालं होतं. मुलाचा चेहरा बघायला एक कागदसुद्धा तिच्याजवळ उरला नव्हता.

युद्ध म्हटलं की वर्तमानपत्रात रणगाडे येतात, सेनापतींची नावं येतात, किती मैल पुढं सरकले ते येतं. फोटो मागत फिरणारी आई त्यात येत नाही. झैनबच्या मनात मात्र तीच राहिली.

या घरावर आणखी एक सावली होती. झैनबच्या वडिलांना सद्दाम हुसेनचा खाजगी वैमानिक नेमण्यात आलं. नाही म्हणायची सोयच नव्हती. मुलांनी त्याला ‘अमो’, म्हणजे काका म्हणायचं. त्याच्या बैठकीत बसायचं, तो हसला की हसायचं आणि मनातलं चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही. झैनब विशीच्या उंबरठ्यावर आली तशी आईला धास्ती बसली. या माणसाची नजर मुलीवर पडली तर? 1990 मध्ये आईनं घाईघाईनं तिचं लग्न ठरवलं. अमेरिकेत राहणारा, वयानं बराच मोठा इराकी नवरा. मुलगी देशाबाहेर गेली म्हणजे सुटली, एवढाच आईचा हिशेब.

तो हिशेब चुकला. नवऱ्यानं तिच्यावर जबरदस्ती केली, हाल केले. तीन महिन्यांत तिनं ते घर सोडलं. पण जायचं कुठं? त्याच वर्षी इराकनं कुवेत गिळलं, पाठोपाठ युद्ध झालं आणि माहेरची वाट बंद झाली. परक्या मुलखात, विशीतली, एकटी. बगदादला काय घडतंय ते तिला अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर पाहावं लागत होतं. मैत्रिणींनो, एवढ्यावर एखादी मोडून पडली असती, तर तिला कुणी नाव ठेवलं असतं का?

ती मोडली नाही. हळूहळू सावरली, वॉशिंग्टनला आली, भाषांतराचं काम करू लागली. अमजद अताल्लाह या पॅलेस्टिनी-अमेरिकन तरुणाशी तिनं पुन्हा लग्न केलं. आणि याच सुमाराला तिनं बोस्नियाबद्दल वाचलं.

बोस्निया हा युगोस्लाव्हिया फुटल्यावर निराळा झालेला युरोपातला देश. 1992 ते 1995 तिथं युद्ध चाललं होतं. काल-परवापर्यंत एकमेकांकडे कॉफीला जाणारे शेजारी एकमेकांच्या जिवावर उठले होते. बायकांना शाळांत, हॉटेलांत, गोदामांत कोंडून त्यांच्यावर बलात्कार केले जात होते, आणि तेही पद्धतशीरपणे, त्यांच्या समाजाची मान खाली जावी म्हणून. अशा बायकांची संख्या वीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत सांगितली जाते. झैनब तेव्हा तेवीस वर्षांची होती. या बायकांना मदत करायला आपणही काहीतरी करावं, म्हणून तिनं चौकशी केली, पण नेमकं त्यासाठी काम करणारी संस्था काही तिला सापडेना. नव्या नवरा-बायकोनं मधुचंद्रासाठी ठेवलेले पैसे होते. ते त्यांनी या कामाला लावले. वॉशिंग्टनमधल्या एका चर्चनं हात दिला आणि 1993 मध्ये दोघं क्रोएशियात जाऊन, तिथं आश्रयाला आलेल्या बायकांना भेटली. सुरुवात झाली ती अवघ्या 33 बायकांपासून. पुढं या कामाची ‘विमेन फॉर विमेन इंटरनॅशनल’ ही संस्था झाली.

आता नीट बघा, तिनं योजना काय आखली. एका बाईनं दुसऱ्या एका बाईला दर महिन्याला ठराविक, छोटी रक्कम पाठवायची. आणि तिला पत्र लिहायचं. ‘‘मी अमुक गावची. मला दोन मुलं आहेत. तुमची तब्येत कशी आहे?’’ बस, एवढंच. पलीकडून उत्तर यायचं. जिला लिहिता येत नसेल ती कुणाकडून तरी लिहून घ्यायची. मधे भाषांतर करणारी माणसं असायची.

पैसे समजले, पण पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. सासरी गेल्यावर पहिल्या वर्षी माहेरचं पत्र आलं की काय वाटायचं, ते आपल्यातल्या मोठ्या वयाच्या बायकांना विचारा. कुणीतरी आपलं नाव लिहून, आपल्यासाठी म्हणून चार ओळी खरडल्या, यात फार बळ असतं. जिच्यावर अत्याचार झाला, जिला शिबिरात रांगेत उभं करून नुसता नंबर दिला, तिला पुन्हा कुणीतरी नावानं हाक मारतंय, हे पैशाइतकंच महत्त्वाचं होतं.

पैसेसुद्धा रोख आणि तिच्या हातात. ‘तिला काय कळतंय, आपणच पीठ-तेल घेऊन देऊ’, हा विचार झैनबनं केला नाही. जी बाई गोळीबारातून पोरं वाचवून घेऊन आली, जिनं एका वाटीभर तांदळात चार तोंडं जगवली, तिला पैसे कुठं खर्चायचे ते कळत नाही म्हणायचं? कुणाला मुलाचं औषध घ्यायचं असेल, कुणाला बूट, कुणाला थोडं मागं टाकायचं असेल. ते तिचं तिनं ठरवावं.

यावरून सारायेव्होची एक गोष्ट सांगते. बोस्नियाच्या या राजधानीला जवळजवळ चार वर्षं वेढा पडला होता. वीज नाही, नळाला पाणी नाही, आणि भोवतालच्या टेकड्यांवर बंदुका रोखून बसलेले नेमबाज. पाणी आणायला निघालेली बाई परत येईलच याची शाश्वती नव्हती. अशा दिवसांत झैनब तिथं गेली होती. निघताना तिनं बायकांना विचारलं, पुढच्या खेपेला तुमच्यासाठी काय आणू? पीठ म्हणतील, औषधं म्हणतील, असंच कुणालाही वाटेल. तर एक म्हणाली, लिपस्टिक आण. का, तर ती चिमुकली वस्तू आम्ही रोज लावतो आणि आम्हाला आम्ही छान आहोत असं वाटतं. माझ्यावर नेम धरणाऱ्यालाही कळू दे, की तो एका सुंदर बाईला मारतोय.

वाचताना तुमच्याही मनात आलं असेल, ‘‘जिवावर बेतलंय आणि हिला नटणं सुचतंय!’’ पण मैत्रिणींनो, ते नटणं नव्हतं हो. समोरचा तिला माणूस मानायला तयार नव्हता. आणि ती रोज सकाळी आरशापुढं उभी राहून स्वतःला सांगत होती, की मी अजून आहे. आपल्याकडे एखादीचं कपाळ पुसलं जातं, तिच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या जातात, तेव्हा तिचं काय जातं हे आपल्याला ठाऊक आहे. मग लिपस्टिक का, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मुद्दा इतकाच, की झैनबनं विचारलं म्हणून हे कळलं. न विचारता नेलं असतं, तर आणखी एक पिठाची पिशवी गेली असती.

पुढं कामाची घडी बसत गेली. एक वर्षाचा कार्यक्रम ठरला. पंचवीसेक बायकांचा एक वर्ग. त्यात आकडेमोड, हिशेब, आरोग्य, बाईचे कायदेशीर हक्क हे सगळं शिकवायचं, आणि जोडीला हाताला एक काम. कुठं शिवण, कुठं कोंबड्या पाळणं, कुठं मधमाश्या, कुठं शेती. बाजारात काय खपेल ते बघून शिकवायचं. नाहीतर आपल्याकडे कसं होतं? उठसूट सगळ्यांना भरतकाम आणि लोणची-पापड. शिकून झाल्यावर गिऱ्हाईक कुठं आहे ते कुणी सांगत नाही.

बोस्नियानंतर रवांडा, कोसोव्हो, नायजेरिया, अफगाणिस्तान, इराक, काँगो, सुदान असं काम पसरत गेलं. रवांडात 1994 मध्ये शंभर दिवसांत लाखो माणसं कापली गेली होती. मागं राहिल्या त्यात विधवा फार. तिथल्या कायोन्झा या गावी 2013 मध्ये संस्थेनं बायकांसाठी एक केंद्र उभारलं. त्याच्या लाखो विटा तिथल्या बायकांनी स्वतः पाडल्या. केंद्र बांधून होईपर्यंत विटा पाडण्याचा धंदाही त्यांच्या हातात आला. बघा, यातही तोच विचार. आयती इमारत देऊन फीत कापता आली असती की!

2006 मध्ये या संस्थेला कॉनरॅड हिल्टन मानवतावादी पुरस्कार मिळाला, पंधरा लाख डॉलरचा. 2011 मध्ये झैनबनं संस्थेची सूत्रं दुसऱ्यांच्या हाती दिली. तोवर 33 चा आकडा तीन लाखांच्या पुढं गेला होता आणि दहा कोटी डॉलरहून जास्त मदत बायकांपर्यंत पोचली होती. अर्थात एका वर्षाच्या वर्गानं सगळ्यांचं सोनं झालं असं कुणी समजू नये. गेलेला मुलगा शिवणाच्या यंत्रानं परत येत नाही. पण उद्या चूल कशानं पेटवायची, या प्रश्नाला तिच्याजवळ स्वतःचं उत्तर असतं, आणि ते फार मोठं असतं.

याच काळात जगाच्या कायद्यातही पावलं पडली. युद्धात हे असं व्हायचंच, असं म्हणून जो अत्याचार सोडून दिला जायचा, त्याला न्यायालयांनी गुन्हा म्हटलं. रवांडाबाबत 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं बलात्कार हा वंशसंहाराचा भाग असू शकतो असा निकाल दिला, आणि बोस्नियातल्या फोचा गावच्या खटल्यात 2001 मध्ये तो मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरून शिक्षा झाल्या. मधे 2000 साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेनं ठराव केला, की तहाच्या वाटाघाटींना बायकाही बसल्या पाहिजेत. झैनबचंही हेच सांगणं. लढाई चालू असताना घर, शाळा, दवाखाना, पोराबाळांचं खाणं बायका चालवतात. मग शांतता कशी असावी हे ठरवताना त्यांना बाहेर का ठेवता?

आता या गोष्टीचा सगळ्यात अवघड भाग. इतकी वर्षं झैनब गावोगावच्या बायकांना सांगत होती, की बोला, मनात कोंडून ठेवू नका. पण तिच्या स्वतःच्या आयुष्यातलं तिनं जगाला सांगितलं नव्हतं. सद्दामच्या सावलीतलं लहानपण नाही, पहिल्या लग्नातले हालही नाहीत. काँगोत तिला एक बाई भेटली. तिच्यावर आणि तिच्या मुलींवर जे गुदरलं होतं, ते तिनं झैनबपाशी पहिल्यांदा उघड केलं. झैनबनं विचारलं, हे मी माझ्यापाशीच ठेवू का? ती म्हणाली, जगाला सांगा, म्हणजे दुसरीच्या वाट्याला असं यायचं नाही. फक्त माझ्या शेजाऱ्यांना सांगू नका. जिच्याजवळ काही उरलं नव्हतं ती हे बळ दाखवते आणि आपण गप्प, हे झैनबच्या मनाला लागलं. 2005 मध्ये तिनं आपलं आत्मकथन प्रसिद्ध केलं. आईच्या शेवटच्या आजारात तिची वाचा गेली होती, तेव्हा आईनं वहीत लिहून लिहून लेकीला जुन्या गोष्टी सांगितल्या. ते तिचं शेवटचं देणं.

‘शेजाऱ्यांना सांगू नका.’ या तीन शब्दांशी मी बराच वेळ अडखळले. ते काँगोतले आहेत, पण आपल्या ओळखीचे नाहीत का? माहेरी परत आलेली मुलगी ‘चार दिवस राहायला आलीय’ असं आपण शेजारी सांगतो. चार दिवसांचे चार महिने होतात. तिच्यापुढं ताट येतं, पण कुणी तिच्याशी नीट बोलत नाही. तिच्या हातात दहा रुपये नसतात. केसाला लावायच्या पिना हव्या असल्या तरी भावाकडे नाहीतर वहिनीकडे तोंड वेंगाडावं लागतं. युद्ध नाही, रणगाडे नाहीत, पण तिचाही तिसरा दिवस उजाडलेलाच असतो.

म्हणून काही गोष्टी सांगते. तुमच्या घरात, नात्यात, आळीत अशी कुणी असेल तर करून पाहा.

पहिली गोष्ट, ‘‘काय झालं ते सांग’’ म्हणून तिला खोदू नका. तिला वाटेल तेव्हा, वाटेल तितकं ती सांगेल. सांगितलंच, तर ते हळदीकुंकवाला चघळायला नेऊ नका. कुणापाशी बोलायचं आणि कुणापाशी नाही, हे तिनं ठरवायचं. आणि तिनं सांगितलं नाही, म्हणून काही घडलंच नाही असं समजू नका.

दुसरी, ‘‘तुला काय हवंय?’’ हे विचारा आणि उत्तर येईल ते मनावर घ्या. ती म्हणेल, मला दुपारी दोन तास दार लावून झोपू द्या. म्हणेल, मला केस कापायचेत. ‘हे काय भलतंच!’ म्हणू नका. सारायेव्होची लिपस्टिक आठवा.

तिसरी, थोडे पैसे तिच्या हातात, ठरलेल्या तारखेला. रक्कम लहान असली तरी चालेल, पण मागायला लागू नये. बँकेत नाहीतर पोस्टात तिच्या एकटीच्या नावाचं खातं उघडून द्या. पासबुक आणि कागदपत्रं तिच्यापाशीच असू देत. खर्चाचा हिशेब मागू नका. जवळपास बचत गट असेल तर तिला तिथं न्या. पैशाइतकीच चार बायकांची सोबत कामाला येते.

चौथी, काम शिकायचं तर आधी गावात काय खपतं ते तिच्याबरोबर फिरून बघा. शिवणच का? डबे असतील, पाळणाघर असेल, दुकानात हिशेब लिहिणं असेल, रुग्णाची देखभाल असेल.

आणि पाचवी, कायद्याची माहिती ठेवा. 2005 च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं बाईला सासरच्या राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे. घर तिच्या नावावर नसलं तरीसुद्धा. 181 या नंबरवर बायकांसाठी मदत मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ केंद्रं आहेत. तिथं आसरा, दवाखाना, वकील, पोलीस यांची गाठ एका ठिकाणी घालून देतात. जायचं की नाही ते तिनं ठरवावं. आपण नंबर लिहून द्यावा, आणि ती हो म्हणाली तर बरोबर जावं.

यात पैसा फारसा लागत नाही. लागतो तो धीर, आणि ‘मी देणारी, ती घेणारी’ हे विसरण्याची तयारी. तेवढं जमलं तर देणारीलाही पुष्कळ मिळतं. पत्र लिहिणाऱ्या त्या परदेशी बायकाही कुणी मोठ्या नव्हत्या. शिक्षिका, परिचारिका, संसार सांभाळणाऱ्या, आपल्यासारख्याच.

पुढच्या वेळी गाठोडं बांधाल तेव्हा जरूर बांधा. साडी मात्र आपण स्वतः नेसू अशीच घाला. आणि मंडळाच्या सभेत एवढं विचारा, की साड्या पोचल्यावर पुढं काय? त्या बायकांना काय हवंय, हे त्यांना कुणी विचारलंय का? सभेत क्षणभर शांतता होईल, होऊ द्या. कुणीतरी एक म्हणेल, ‘‘आपणच जाऊन विचारू या की!’’ ती एक तुम्ही असलात, तर फारच छान.